सांधा कुणाचा?

ताईंचा फोन आला तेव्हा मी पोटापाण्याचं काम करत होते, म्हणजे एका ॲपमधल्या बटणांचं मराठी. पावसाची, तब्येतीची चौकशी झाली नाही. ‘प्रूफं वाचली,’ त्या म्हणाल्या. ‘यातलं माझं तेवढं काढून घे. पुस्तकावर नाव तुझं एकटीचं राहू दे. माझी काही तक्रार नाही.’

तक्रार नाही असं माणूस केव्हा म्हणतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मी कारण विचारलं. ‘तुला दिसेल,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आम्ही दोघी एका कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद करत होतो. काम चार वर्षं चाललं होतं. ताई धारवाडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. त्यांचं माहेर बेळगावकडचं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही. मी पुण्यात वाढले, तौलनिक साहित्यात एम. ए. केलं, नोकरीसाठी बंगळूरला आले आणि तिशी उलटल्यावर कन्नड शिकले. कादंबरीतलं कन्नड ताईंना आतून कळायचं, मला कोशातून. छापील मराठी माझ्या जास्त सरावाचं होतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. पहिला खर्डा त्यांचा, त्यावर दोघींचं काम, अशी आमची पद्धत.

या कामासाठी गिट वापरायचं हा हट्ट माझा. गिट म्हणजे प्रोग्रामर लोकांची नोंदवही. लिनक्सचं काम ज्या व्यवस्थेत चालायचं तिची फुकट वापराची परवानगी बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 च्या एप्रिलमध्ये ही नवी व्यवस्था लिहायला घेतली. मजकूर कुणी, कधी, कशासाठी बदलला हे ती टिपून ठेवते. अशा एका नोंदीला कमिट म्हणतात. दोघांनी एकाच मजकुराच्या दोन शाखा करून आपापलं काम करायचं आणि मग त्या एकत्र आणायच्या, याला मर्ज. हिंदी-उर्दू वाचणाऱ्यांना मर्ज म्हणजे दुखणं, याची मला तेव्हा गंमत वाटायची. बटणांच्या मराठीत आम्ही ‘विलीन करा’ असं लिहितो, संस्थानं विलीन झाली त्या चालीवर. मी स्वतः तो शब्द कितीदा टंकला आहे, आणि आता तो मला चुकीचा वाटतो. पाण्यात विरघळलेलं मीठ वेगळं दिसत नाही. गिटमध्ये मात्र मर्ज ही स्वतंत्र नोंद असते, तिला दोन पालक असतात आणि दोघांपर्यंत मागं जाता येतं. सांधा हा शब्द त्याला जास्त जवळचा आहे. कपड्याला, नळाला, गुडघ्याला असतो तसा सांधा.

ताई वर्डमध्ये लिहून मेलनं पाठवायच्या. मी ते त्यांच्या शाखेत, त्यांच्या नावानं नोंदवायचे. गिटमध्ये एकाच नोंदीला लेखक आणि नोंदवणारा अशी दोन वेगळी नावं देता येतात. ताईंच्या नोंदींवर लेखक म्हणून त्या, नोंदवणारी म्हणून मी. ही सोय मला फार आवडली होती. मूळ लेखक आणि अनुवादक यांचं नातं कुणीतरी यंत्रात बसवून ठेवलंय असं वाटायचं. वही, पेन आणि कपाटाची किल्ली या तिन्ही गोष्टी माझ्याकडेच आहेत, हे कधी मनात आलं नाही.

त्या रात्री मी दुखावले होते. काढून घे म्हणतात ना, घेते काढून. ताईंनी शेवटच्या सात प्रकरणांवर केलेलं काम सगळ्यात शेवटी एका मोठ्या मर्जनं मुख्य मजकुरात आलं होतं. असा मर्ज उलटवायला एक आज्ञा पुरते, तिला रिव्हर्ट म्हणतात. दोन पालकांपैकी कुणाची बाजू मूळ धरायची एवढं सांगावं लागतं. मी अर्थात माझी सांगितली. क्षणात सात प्रकरणं त्यांच्या कामाच्या आधीच्या अवस्थेत गेली. झोपायला गेले तेव्हा बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

उरलेल्या प्रकरणांत त्यांचं काय आहे ते सकाळी शोधायला बसले. त्यासाठीही गिटमध्ये आज्ञा आहे. प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली हे ती सांगते आणि तिचं नाव ब्लेम. दोषारोपच सरळ. सबव्हर्जन नावाच्या जुन्या व्यवस्थेत त्याच आज्ञेला ‘प्रेझ’ असंही एक पर्यायी नाव होतं. ब्लेम म्हणा की प्रेझ, उत्तर तेच. कुणीतरी हसत हसत केलेली सोय असणार, पण त्यातलं शहाणपण मला पुरतं कळलेलं नाही असं अजून वाटतं.

ब्लेमनं मला सांगितलं की जवळजवळ सगळं पुस्तक माझं आहे.

हे खोटं होतं, आणि यंत्र खोटं बोलत नव्हतं. गिट ओळीनं मोजतं. कादंबरीच्या फाइलमध्ये एक परिच्छेद म्हणजे एक ओळ. ताईंच्या बारा वाक्यांच्या परिच्छेदात मी एक स्वल्पविराम हलवला की तो अख्खा परिच्छेद माझ्या नावावर. त्यात एका रविवारी मी सगळ्या फाइलींवर एक छोटा प्रोग्राम चालवला होता. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला एकच, आतली चिन्हं वेगळी. मी ते सगळीकडे एकसारखे करून घेतले. मराठीत कुठल्याही पानावर एखादा ‘विचारणाऱ्या’ किंवा ‘दुसऱ्या’ सापडतोच. म्हणजे एका रविवारच्या झाडलोटीनं घर माझ्या नावावर झालं होतं. अशा नोंदी वगळून ब्लेम मागता येतं, तेही मागितलं. मग वेगळीच पंचाईत झाली. जी वाक्यं आता स्वच्छपणे माझी दिसत होती, त्यांतली कितीतरी ताईंनी फोनवर सांगितलेली होती. ‘अगं, तिथं लाज नाही, संकोच लिही,’ अशी. मी टंकलं म्हणून नोंद माझी. आणि ताईंच्या नावावरची कितीतरी वाक्यं माझ्या एखाद्या पत्रातल्या शंकेमुळे तशी झाली होती.

इथं मी थांबले आणि काढून घेणं म्हणजे नक्की काय याचा पहिल्यांदा विचार केला. रिव्हर्ट मजकुरातला बदल मागं घेतं. तो बदल झालाच नसता तर पुढं काय घडलं असतं, ते त्याला माहीत नसतं. ताई नसत्या तर मी लिहिलं असतं ते पुस्तक, आणि ताईंचं काढून घेतल्यावर उरलेलं पुस्तक, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. त्यांचं वाक्य काढता येतं. त्या वाक्याला ऐकू जाईल असं माझं पुढचं वाक्य मी लिहिलं होतं, ते आता भिंतीशी बोलत राहतं. आमच्या आजोळी वाटण्या झाल्या तेव्हा भांडी मोजून वाटली, शेताला बांध घातले आणि विहिरीपाशी सगळे थांबले. विहीर वाटता येत नाही. पाळ्या लावता येतात.

पण हे सगळं अवघडलेपण ताईंच्या मागणीमुळे आहे, चूक त्यांची आहे, असंच मी अजून धरून होते. त्या का रागावल्या हे मला दिसलं नव्हतं. ते मी ज्या जागी शोधत नव्हते तिथं होतं.

दोन शाखा एकत्र करताना गिट तीन मजकूर समोर ठेवतं: माझा, तुझा आणि दोघींचा शेवटचा सामाईक पूर्वज. पूर्वजाशी ताडून पाहिल्यावर एखादी ओळ एकीनंच बदललेली असेल तर तिचा बदल मुकाट्यानं घेतला जातो. ओळी वेगवेगळ्या जागच्या असतील तरी तसंच. यात धोका नाही असं नाही. मी माझ्या शाखेत एका मुलीच्या तोंडचं ‘अव्वा’ सगळीकडे ‘आई’ केलं होतं. त्याच आठवड्यात ताईंनी त्यांच्या शाखेत तिला नवे संवाद दिले, ‘अव्वा’ म्हणणारे. गिटनं कुरकूर न करता दोन्ही जोडलं आणि मुलगी एकाच पानावर दोन घरांची झाली. शब्दांचा तंटा नव्हता, म्हणून यंत्राच्या लेखी तंटाच नव्हता. मात्र तीच ओळ दोघींनी दोन तऱ्हांनी बदलली असेल तर गिट थांबतं, दोन्ही पाठ फाइलमध्ये एकाखाली एक मांडतं आणि म्हणतं, तू ठरव. चार वर्षांत अशा एकसष्ट जागा आल्या होत्या. एकसष्ट वेळा ठरवलं मी. ताईंना मी फक्त ‘दोन्ही एकत्र केलं’ असं कळवत होते.

आता त्यातली एक जागा सांगते. कादंबरीतली म्हातारी मुलाच्या घरातून कायमची निघते. कन्नडमध्ये निघताना ‘बर्तीनि’ म्हणतात, म्हणजे ‘येतो’ किंवा ‘येते’. जातो म्हणायचं नाही ही रीत मराठीतही आहे. ताईंच्या पहिल्या खर्ड्यात घाईत ‘जातो मी’ असं होतं. तो आमचा सामाईक पूर्वज. पुढं ताईंनी त्यांच्या शाखेत ‘येतो मी’ केलं. मी माझ्या शाखेत ‘निघते मी’ केलं, कारण बाई परत येणार नाही, आणि ‘जातो’मधलं पुल्लिंग मला टंकनाची चूक वाटलं. मर्ज करताना दोन्ही पाठ समोर आले. ताईंचं क्रियापद चांगलं होतं, माझा प्रत्यय शुद्ध होता. मी लिहिलं ‘येते मी’. दहा सेकंदही लागले नसतील.

‘येते मी’ हे ताईंच्या शाखेत कुठंही नाही. माझ्याही शाखेत नाही. दोघींचा इतिहास ओळीनं वाचत गेलात तर ते सापडणार नाही, कारण फरकांसह इतिहास मागितला तरी गिट एरवी मर्जच्या नोंदीखाली फरक दाखवत नाही. ते वेगळं मागावं लागतं. गिटच्या परिभाषेत अशा मर्जला, दोन्ही पालकांत नसलेला बदल ज्यात शिरतो त्याला, एक नाव आहे: ईव्हिल मर्ज. दुष्ट सांधा म्हणूया. प्रोग्रामर लोक शब्द फार तोलून वापरतात असं नाही, पण हा शब्द मला लागला. कारण ‘बर्तीनि’मध्ये बाई की पुरुष हे नसतंच, कन्नड प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. आणि बेळगावकडच्या बायका मराठीत ‘मी आलो’, ‘मी येतो’ असंच म्हणतात. ताईंनी म्हातारीला तिच्या गावचं मराठी दिलं होतं. मी सांध्यात बसून ते काढून घेतलं होतं. एकसष्टपैकी अशा किती जागा, ते आता मोजणं भाग होतं.

मोजलं. नऊ ठिकाणी मी ताईंचा पाठ जसाच्या तसा ठेवला होता, एकोणतीस ठिकाणी माझा. तेवीस ठिकाणी तिसराच लिहिला होता.

याच दिवशी मला दुसरी एक गोष्ट सुचली, आणि ती या लेखात आली नाही तर लेख अप्रामाणिक होईल. गिटमध्ये इतिहास नव्यानं लिहिता येतो. नोंदी पुन्हा रचता येतात, अनेक नोंदींची एक करता येते, सांधेच दिसेनासे करता येतात. इतिहास सरळ आणि वाचनीय व्हावा म्हणून कितीतरी चांगले लोक हे रोज करतात. प्रत्येक नोंदीची ओळखखूण तिच्यातल्या मजकुरावरून आणि तिच्या पालकांवरून काढलेली असते. त्यामुळे मागची एक नोंद बदलली की तिथून पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात, आणि ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला ते लगेच कळतं. ताईंकडे प्रत नव्हती. मी तेवीस जागी ताईंचे पाठ परत बसवून, इतिहास सरळ करून, ‘ताई, बघा, तुमचं सगळं जागेवर आहे, प्रूफांत गफलत झाली’ असं म्हणू शकले असते. पुस्तक तेच झालं असतं, कदाचित संबंधही टिकले असते. अर्धा तास मी त्या विचाराशी बसले होते. तो सोडून दिला याचं कारण फार उदात्त नव्हतं. पुढच्या पुस्तकाच्या वेळी ताई माझ्यावर विश्वास ठेवतील आणि मला त्यांच्यासमोर तोंड वर करून बसता येणार नाही, एवढंच मला दिसलं.

एम. ए. ला आम्हाला पाठचिकित्सा होती. परीक्षेपुरती वाचून विसरलेली ती टिपणं मी काढली. सतराव्या शतकात कोपरगावचा नीलकंठ चतुर्धर काशीत बसून महाभारतावर टीका लिहितो. निरनिराळ्या प्रांतांतल्या पुष्कळ प्रती जमवून त्यांतून उत्तम पाठ ठरवला, असं तो स्वतःच सांगतो. काही ठिकाणी दुसरे पाठही नोंदवतो, पण कोणता शब्द कोणत्या प्रतीतला हे दर वेळी सांगत नाही. हा मर्जच. त्याच्या आधी, शके 1506 म्हणजे 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. प्रती ताडून पाहिल्या, भर पडलेलं काढलं आणि यापुढं जो कुणी यात स्वतःची ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील असं बजावलं. काय काढलं त्याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. आणि मग पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर: महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 ला सुरू, 1966 ला पुरं. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक. त्यांच्यापुढची अडचण माझ्या ओळखीची होती. पोथ्या सरळ वंशवृक्षानं उतरलेल्या नव्हत्या. लेखनिकांनी दोन-दोन प्रती समोर ठेवून मिश्रणं केली होती. वेगळ्या झालेल्या फांद्या पुढं पुन्हा एकमेकींत घुसल्या होत्या. गिटला पूर्वज ठाऊक असतो आणि वंशज जुळवायचा असतो. सुकथनकरांकडे वंशज ढिगानं होते आणि पूर्वज शोधायचा होता.

ते त्यांनी कसं केलं हे पानावर दिसतं. वर निवडलेला पाठ, खाली न निवडलेले सगळे पाठ, कोणत्या प्रतीतले ते सांगून. गणपतीनं महाभारत लिहून घेतल्याची सगळ्यांची लाडकी कथा मूळ मजकुरात नाही. ती फेकून दिलेली नाही, परिशिष्टात आहे. आणि वरच्या मजकुरात जिथं संपादकाचीच खात्री कमी आहे, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ. मी ठरवलंय, पण इथं मी डळमळीत आहे. विद्यार्थी असताना ती रेघ मला छपाईचा सोपस्कार वाटायची.

यावरून एकनाथांना खाली आणि सुकथनकरांना वर बसवणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. ज्ञानेश्वरी वारीत, पारायणात, ओठांवर जगायची होती. तळटीपा घेऊन कुणी चालत नाही. आमची कादंबरीही वाचकानं रेल्वेत, रात्री, आडवं पडून वाचावी अशी आहे. पानोपानी नागमोडी रेघा घालून मी ताईंना न्याय दिला असता आणि म्हातारीचा जीव घेतला असता. शिवाय तिसरा पाठ हा अनुवादकाचा रोजचा धंदा आहे. मूळ भाषेत नव्हतं, माझ्या भाषेत नव्हतं, आणि आता आहे, असं काहीतरी लिहिता आलं नाही तर अनुवाद कशाला? ‘येते मी’ लिहिणं हे पाप असेल तर आम्ही सगळेच त्यावर जगतो.

फरक मला दुसरीकडे दिसतो. एकनाथांनी काढलेल्या ओव्या ज्यांनी घातल्या, ते लोक नाव न ठेवता गेलेले होते. खुद्द ज्ञानेश्वर जाऊन जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. हिशेब द्यायचा तर कुणाला? माझ्या बाबतीत ज्यांची ओळ बदलली त्या बाई एका फोनच्या अंतरावर होत्या. दर मंगळवारी आम्ही बोलत होतो. हिशेब जगाला द्यायची गरज नसते, वाचकालाही नसेल. तो त्या एका माणसाला द्यायचा असतो, आणि सांधणाऱ्यानंच द्यायचा असतो, कारण काय झालं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. मर्जच्या नोंदीला पालक दोन असले तरी करणारा एकच असतो. नोंद करताना गिट कारण लिहायला जागा देतं. काहीच सुचलं नाही तर ‘अमुक शाखा जोडली’ असं आपणहून लिहून देतं. माझ्या सगळ्या मर्जवर ते आपणहून आलेलं वाक्य होतं. एकातही मी ‘प्रत्यय बदलला, ताईंना विचारायचं आहे’ एवढं लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं, तर टंकतानाच विचारावंसं वाटलं असतं.

तेवीस जागांची यादी केली. चार स्तंभ: पूर्वज, ताई, मी, सांधा. छापली आणि रात्रीच्या गाडीनं धारवाडला गेले. मेलनं पाठवण्याचं धैर्य नव्हतं असं नाही. मेल वाचताना त्यांचा चेहरा दिसला नसता.

ताईंनी चष्मा लावून, मुलांच्या वह्या तपासतात तशी, लाल पेन हातात घेऊन यादी वाचली. चहा निवून गेला. ‘येते मी’पाशी थांबल्या.

‘ही तुला टायपिंगची चूक वाटली?’

‘हो.’

‘म्हणजे माझी आई जन्मभर टायपिंगच्या चुका बोलत होती.’

मी काही बोलले नाही. त्याही पुढच्या ओळीवर गेल्या. तासाभरानं यादी परत केली. चौदा ठिकाणी त्यांनी स्वतःचा पाठ परत घेतला होता. सहा ठिकाणी माझा तिसरा पाठ तसाच ठेवला होता. त्यातल्या एकापुढे लाल अक्षरात ‘छान’, ते मी अजून जपून ठेवलंय. तीन ठिकाणी चौथंच काहीतरी लिहिलं होतं. ‘येते मी’ खोडून ‘येतो मी’. पण पुढच्या एका प्रकरणात म्हातारीची नात निघते, तिथं मीच जे सांध्यात घातलं होतं ते ‘येते’ त्यांनी राहू दिलं. ‘ती कॉलेजात शिकलेली आहे,’ म्हणाल्या. ‘तुझ्यासारखी बोलेल.’ मी असताना बेळगावहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. आमच्याशी इतकी वर्षं छापील मराठी बोलणाऱ्या ताई, फोन संपवताना म्हणाल्या, ‘बरं, ठेवतो गं आता.’ हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल आणि मनातल्या मनात दुरुस्त केलं असेल.

नाव परत घालायचं का, हे मी विचारलं नाही. ‘सात प्रकरणांत मी दोन-तीन जागी अजून बदल केलेत, तेही घे,’ असं त्या म्हणाल्या, त्यावरून समजले.

घरी येऊन ताईंचे नवे बदल त्यांच्या शाखेत नोंदवले आणि ती शाखा पुन्हा मुख्य मजकुरात जोडली. कुठलाही तंटा न दाखवता गिटनं काम झाल्याचं सांगितलं. फाइल उघडली तर फक्त ते दोन-तीन नवे बदल आले होते. सात प्रकरणांतलं ताईंचं बाकी सगळं काम गायब. मी घाबरले. मग कळलं, हे गिटचं प्रसिद्ध कोडं आहे. टोरवाल्ड्स आणि गिट सांभाळणारे जुनिओ हामानो यांनी 2008 मध्ये यावर दिलेलं स्पष्टीकरण गिटच्या दस्तऐवजांत आहे. मर्ज उलटवला की मजकूर मागं जातो, पण जोडल्याचा इतिहास तसाच राहतो. गिटच्या लेखी ती शाखा एकदा आलेली आहे आणि तू तिला पाहून नको म्हटलेलं आहेस. त्यामुळे पुन्हा जोडताना ते जुनं काम ते पुन्हा विचारात घेत नाही. नव्यानं जे झालं तेवढंच आणतं. जुनं परत हवं असेल, तर आधी तुझा नकार मागं घे. उलटवलेलं उलटव. तशी वेगळी नोंद कर.

मी ती केली. रागाच्या रात्रीची नोंद तशीच आहे, तिच्यापुढं ती मागं घेतल्याची नोंद आहे. नीटनेटका प्रोग्रामर दोन्ही पुसून टाकेल, कारण बेरीज शून्य. मी ठेवल्या. या वेळी वहीची एक प्रत ताईंच्या भाच्याच्या संगणकावरही ठेवली आहे. तो ती कधी उघडेल असं वाटत नाही, पण आता मागचं काही बदललं तर कुठंतरी ते जुळणार नाही.

राहिल्या तेवीस जागांच्या दुरुस्त्या. त्या मी एकत्र न करता एकेक स्वतंत्र नोंदवल्या. लेखक ताई, नोंदवणारी मी, आणि दर वेळी कारण लिहिलं. ‘येतो मी’वर आल्यावर कारण काय लिहावं ते सुचेना. बोलीभाषेचं समर्थन, कन्नड क्रियापदाची रचना, असं बरंच टंकून खोडलं. शेवटी मंगळवार नव्हता तरी फोन लावला.

‘ताई, इथं कारण काय लिहू?’

‘कुठं?’

‘म्हातारी निघते तिथं. ‘येते’चं ‘येतो’ केलंत ना.’

‘लिही,’ त्या म्हणाल्या, ‘बाई असंच बोलते.’